ध्वनिभुजा-संरेखन

ध्वनिमुद्रिकेच्या खाचेत ग्रामोफोनची सुई ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या दिशेने व ठरलेल्या दाबाने टेकावी, यासाठी ध्वनिभुजा (टोनआर्म) आणि तिच्या टोकाशी बसविलेले कार्ट्रिज यांची जी भौमितिक जुळणी करतात, तीस ध्वनिभुजा-संरेखन असे म्हणतात. कार्ट्रिज म्हणजे सुईच्या कंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणारी लहानशी पेटी होय. ध्वनिभुजा एका टोकाशी कीलकावर फिरते व दुसऱ्या टोकाने कार्ट्रिज तोलून धरते. तबकडी फिरू लागली म्हणजे सुई बाहेरच्या कडेपासून आतल्या लेबलापर्यंत सर्पिल खाचेतून सरकत जाते.

ही जुळणी वरवर पाहता यंत्र हौसेने बाळगणाऱ्यांपुरती वाटते. पण तिचा संबंध संगीताच्या इतिहासाच्या साधनांशी येतो. ध्वनिमुद्रिका हे असे साधन आहे, की ते वापरल्यानेच झिजते. ग्रंथ वाचल्याने त्यातील अक्षरे पुसट होत नाहीत. तबकडी मात्र प्रत्येक वादनागणिक थोडीफार खर्ची पडते आणि सुई वाकडी बसली असेल, तर हा खर्च पुष्कळ वाढतो. ज्या गायकांचे आयुष्य अल्प ठरले, त्यांच्या बाबतीत ही हानी विशेष जाणवते. नाशिक येथे जन्मलेले गायक दत्तात्रेय विष्णु पलुसकर (१९२१–५५) हे याचे ठळक उदाहरण होय. वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या गायनाचा बराचसा पुरावा तबकड्यांच्या खाचांत आहे आणि तो कितपत खरा ऐकू येतो, हे सुईच्या जुळणीवर अवलंबून आहे.

मूळ प्रश्न : ध्वनिमुद्रिका तयार करताना कोरणारी सुई एका सरळ मार्गदर्शक दांड्यावरून तबकडीच्या त्रिज्येने आत सरकते. त्यामुळे कोरणीचा अक्ष प्रत्येक ठिकाणी खाचेच्या स्पर्शिकेला समांतर राहतो व तिची कंपने स्पर्शिकेशी काटकोनात होतात. वादनाच्या वेळी मात्र सुई कीलकावर फिरणाऱ्या भुजेच्या टोकाशी असते. साहजिकच ती सरळ रेषेत न जाता वर्तुळाच्या कंसावरून आत येते. सरळ रेषेत कोरलेले कंसावरून वाचावयाचे, हीच येथील मूळ अडचण होय. सुईच्या अक्षाची दिशा व खाचेची स्पर्शिका यांत जो कोन पडतो, त्यास दिशाच्युती म्हणता येईल.

दिशाच्युती असली म्हणजे खाचेतील तरंगाची एक बाजू लवकर व दुसरी उशिरा वाचली जाते. मूळ तरंग सममित असला, तरी वाचलेला तरंग एका अंगाला झुकतो आणि मूळ स्वराच्या दुप्पट कंप्रतेचा एक परका स्वर त्यात मिसळतो. अनेक स्वर एकाच वेळी चालू असतील, तर त्यांच्या बेरजेच्या व वजाबाकीच्या कंप्रताही उमटतात. कानाला हा दोष घोगरेपणा, चरचर किंवा ‘स’, ‘श’ या वर्णांचा फिसकटलेला उच्चार या रूपाने जाणवतो. भारतीय संगीतात तंबोऱ्याचा नाद आरंभापासून अखेरपर्यंत गळ्याच्या मागे चालू असतो व तो उपरिस्वरांनी समृद्ध असतो. म्हणून येथे हा दोष लपून राहत नाही.

दिशाच्युती कमी करण्याचे दोन उपाय आहेत. पहिला, भुजेची लांबी अशी ठेवावयाची, की सुईचे टोक तबकडीच्या मध्यखिळ्याच्या थोडे पलीकडे पोहोचेल. या जादा अंतराला वाढ असे म्हणू. दुसरा, भुजेच्या टोकाला आतल्या अंगाने बाक द्यावयाचा. हे दोन्ही उपाय योग्य प्रमाणात एकत्र योजले, म्हणजे तबकडीवरील दोन ठिकाणी दिशाच्युती शून्य होते व इतरत्र ती अल्प राहते. या दोन ठिकाणांना शून्यबिंदू म्हणतात. संरेखनाचा सर्व इतिहास हा मुख्यतः वाढ, बाक व शून्यबिंदू या तीन राशींचा मेळ घालण्याचा इतिहास आहे.

यांत्रिक ग्रामोफोनचा काळ : टॉमस एडिसन (१८४७–१९३१) यांच्या १८७७ मधील फोनोग्राफात ध्वनी नळकांड्यावर नोंदला जाई. फोनोग्राफाच्या पुढच्या रूपांत ध्वनिपेटी बहुधा स्क्रूच्या साहाय्याने नळकांड्याला समांतर सरकत असल्याने दिशाच्युतीचा प्रश्न उद्‌भवत नसे. एमिल बर्लिनर (१८५१–१९२९) यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीचा ग्रामोफोन पुढे आणला. तबकडीच्या प्रती ठशावरून दाबून काढता येत, त्यामुळे हाच प्रकार टिकला. परंतु त्याबरोबर कंसावरून फिरणारी भुजाही आली.

भारतात नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेडरिक गेसबर्ग यांनी कलकत्ता (आताचे कोलकाता) येथे ध्वनिमुद्रणे केली. त्यांत गोहरजान यांच्या गायनाचा समावेश होता. १९०८ मध्ये सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना सुरू झाला व पुढे तो दमदम येथे गेला. मुंबईतही ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय वाढला. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ पासून सु. वीस वर्षे ‘यंग इंडिया’ या छापाखाली तबकड्या काढल्या. नाट्यगीते, भावगीते, भजने व ख्याल यांच्या तबकड्यांमुळे शास्त्रीय संगीत दरबार व मैफल यांच्याबाहेर, गावोगावच्या घरांत व उपाहारगृहांत पोहोचले.

या तबकड्या लाखेत बारीक दगडी भुकटी व काजळी मिसळून केलेल्या असत. दर मिनिटास ७८ फेऱ्या या वेगाने दहा इंची तबकडीची एक बाजू सु. तीन ते साडेतीन मिनिटे वाजे. ध्वनिपेटी, अभ्रकाचे वा धातूचे पटल व कर्णा यांचा बराच भार सुईवर पडे. तो १०० ग्रॅ.च्या पुढे जाणे नेहमीचेच होते. सुई पोलादाची असे. बोलीत तिला पिन म्हणत व डबीतून ती सुटी मिळे. दगडी भुकटीवर पहिल्या काही फेऱ्यांतच पिनेचे टोक घासले जाऊन खाचेच्या आकाराचे होई. म्हणूनच प्रत्येक बाजूस नवी पिन लावावी, अशी सूचना असे. एकदा घासलेली पिन पुन्हा वापरली, तर तिच्या टोकाच्या धारदार कडा खाचेच्या भिंती खरवडून काढीत. काटकसरीपोटी हा नियम अनेक घरांत मोडला जाई. आजही जुन्या तबकड्यांवर काळी चकाकी जाऊन आलेला करडा पट्टा दिसतो, तो याच झिजेचा असतो. खाचेची भिंत ढासळली, की सुई त्याच वेढ्यात फिरत राहते. तेच तेच बोलणाऱ्या माणसाची ‘पिन अडकली’ असे मराठीत म्हणतात, ते यावरूनच.

दिशाच्युतीमुळे ही झीज अधिक वाढे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला पिन एका कोनात घासून घडत असे. आत सरकताना भुजेचा खाचेशी असलेला कोन बदलला, की तीच घडलेली पिन खाचेत तिरपी बसे आणि तिची कड भिंतीवर चाले. वाढ व बाक नसलेली, सु. २३० मिमी. लांबीची सरळ भुजा घेतली, तर तबकडीच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत जाताना हा कोन दहा अंशांहून अधिक बदलतो. त्या काळातील अनेक यंत्रांत भुजा कोठे बसवावी, हे जागेच्या सोयीने किंवा पेटीच्या देखणेपणावरून ठरत असे.

गणिताचा प्रवेश : या प्रश्नाची सुसूत्र मांडणी पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये ‘द ग्रामोफोन’ या इंग्रजी मासिकातील लेखात केली. वाढ व बाक यांची योग्य मूल्ये कशी काढावी, हे त्यांनी दाखविले. त्यांच्या नावाचा कोनमापकही प्रचारात आला. सामान्य ग्राहकाला आपल्या घरच्या यंत्राची दिशाच्युती स्वतः मोजता यावी, अशा उद्देशाचे हे पहिल्या साधनांपैकी एक होय. विल्सन यांच्या विवेचनात कोन शक्य तितका लहान ठेवणे हे मुख्य उद्दिष्ट होते व झिजेच्या दृष्टीने ते योग्यच होते.

१९२५ पासून विद्युत् ध्वनिमुद्रण रूढ झाले व पुढे ध्वनिपेटीची जागा विद्युत् पिकअपने घेतली. सुईवरील भार उतरला. मात्र पूर्वी ऐकूही न येणाऱ्या उच्च कंप्रता आता ऐकू येऊ लागल्या. त्यामुळे झिजेइतकीच ध्वनीची विकृतीही महत्त्वाची ठरली. स्वीडिश अभियंते एरिक लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये एका जर्मन ध्वनिशास्त्रीय नियतकालिकात या विकृतीचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांचा महत्त्वाचा मुद्दा असा, की केवळ कोन लहान असणे पुरेसे नाही. तो कोन तबकडीवर कोठे पडतो, हेही पाहिले पाहिजे. तबकडीचा परिभ्रमण-वेग कायम असला, तरी सुईखालून खाच सरकण्याचा वेग त्रिज्येच्या प्रमाणात घटतो. आत जावे तसा तोच ध्वनी अधिक आखूड तरंगांत दाटीने कोरावा लागतो. त्यामुळे तेवढीच दिशाच्युती आतल्या कडेला अधिक विकृती निर्माण करते. म्हणून बाहेरच्या कडेला थोडी अधिक दिशाच्युती पत्करून आतल्या कडेला ती कमी ठेवावी, असे लोफग्रेन यांचे गणित सांगते.

एच्. जी. बेरवाल्ड यांनी १९४१ मध्ये व बी. बी. बाउअर यांनी १९४५ मध्ये अमेरिकेत याच विषयावर लेखन केले. बेरवाल्ड यांचे निष्कर्ष लोफग्रेन यांच्या पहिल्या पद्धतीशी जुळतात. १९६६ मध्ये जे. के. स्टीव्हन्सन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात वेगळा पर्याय मांडला. त्यात आतला शून्यबिंदू अगदी शेवटच्या खाचेजवळ आणला आहे. तबकडीच्या अखेरीस ध्वनी स्वच्छ ऐकू यावा, हा त्यामागील हेतू होय. त्याची किंमत म्हणून मधल्या व बाहेरच्या भागातील विकृती काहीशी वाढते. कार्ट्रिज बसविणारे आजही मुख्यतः याच पर्यायांमधून निवड करतात.

दीर्घवादी तबकडी : १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची, व्हिनिल या प्लॅस्टिकची सूक्ष्मखाची तबकडी बाजारात आणली. एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वादन शक्य झाले. १९५८ पासून द्विमार्गी (स्टीरिओ) तबकड्या प्रसृत झाल्या. त्यांत खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे संकेत असतात. लाखेच्या तबकडीला सु. ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागे, तर सूक्ष्मखाचेला १८ ते २५ मायक्रॉन व द्विमार्गी खाचेला त्याहूनही बारीक टोक लागते. हे टोक हिऱ्याचे किंवा नीलमण्याचे असते. उत्तम कार्ट्रिजमध्ये सुईवरील भार दीड-दोन ग्रॅ.वर आला. खाच लहान झाल्याने अचूकतेची गरज मात्र त्याच प्रमाणात वाढली.

बारा इंची दीर्घवादी तबकडीवर ध्वनीचा पट्टा आंतरराष्ट्रीय मानकानुसार १४६·०५ मिमी. त्रिज्येपासून ६०·३२५ मिमी. त्रिज्येपर्यंत धरतात. बाहेरच्या कडेला खाच सेकंदास सु. ५१ सेंमी. वेगाने सरकते, तर आतल्या कडेला सु. २१ सेंमी. या पट्ट्यासाठी लोफग्रेन व बेरवाल्ड यांच्या पद्धतीने शून्यबिंदू ६६·० व १२०·९ मिमी. त्रिज्यांवर येतात. भुजेची परिणामी लांबी, म्हणजे कीलकापासून सुईच्या टोकापर्यंतचे अंतर, २३० मिमी. असेल, तर वाढ सु. १८ मिमी. व बाक सु. २४ अंश ठेवावा लागतो. अशा जुळणीत दिशाच्युती बाहेरच्या कडेला दोन अंशांच्या आत राहते, मध्यभागी सु. एक अंश असते व आतल्या कडेला एक अंशाहूनही कमी होते. कोन वेगवेगळे असले, तरी खाचेचा वेग हिशोबात घेता त्यांतून उद्‌भवणारी विकृती तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारखी येते. हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

दिशाच्युती मुळातच टाळण्याचाही प्रयत्न झाला. कोरणीप्रमाणे त्रिज्येवरून सरळ सरकणाऱ्या समांतर भुजा तयार करण्यात आल्या. १९७२ मधील डॅनिश बनावटीचा ‘बिओग्राम ४०००’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पण अशी यंत्रणा गुंतागुंतीची व महाग असल्याने कीलकावर फिरणारी भुजाच सर्वत्र टिकून राहिली.

साधने व रीत : संरेखनाची साधने थोडी असतात, पण त्यांत हयगय चालत नाही. पाणसळ, मिलीमीटरची सूक्ष्म पट्टी, संरेखन-कोनमापक, भिंग, लहान आरसा, सुईचा भार मोजणारा काटा आणि वेग तपासण्याची स्ट्रोबोस्कोप तबकडी ही त्यांपैकी मुख्य होत. कोनमापक म्हणजे मध्यखिळ्यात बसणारे जाड कागदाचे, काचेचे किंवा आरशाचे पान असते. त्यावर दोन शून्यबिंदू व त्यांभोवती समांतर रेषांची बारीक जाळी आखलेली असते.

प्रथम यंत्र पाणसळीने सपाट करतात. त्यानंतर भुजेच्या मागील प्रतिभार सरकवून भुजा क्षितिजसमांतर तोलतात व काट्यावर मोजून निर्मात्याने सांगितलेला भार देतात. भार फार कमी ठेवला, तर तबकडी वाचते, असा एक समज आहे. वस्तुतः फार हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेत उसळते व भिंतीला ठोकर देते. अल्प भारापेक्षा योग्य भार कमी हानिकारक असतो.

यानंतर सुईचे टोक कोनमापकावरील पहिल्या शून्यबिंदूवर टेकवून सुई ज्या बारीक दांडीला जोडलेली असते, ती दांडी जाळीच्या रेषांना समांतर आहे की नाही, हे भिंगातून पाहतात. पेटीच्या कडेवर विसंबून राहू नये, कारण आतली दांडी पेटीशी काटेकोर समांतर असेलच असे नाही. मग सुई दुसऱ्या शून्यबिंदूवर नेऊन तीच तपासणी करतात. दोन्ही ठिकाणी दांडी रेषांशी जुळेपर्यंत कार्ट्रिज पुढे-मागे सरकवावे लागते किंवा किंचित वळवावे लागते. येथे वाढ अर्ध्या मिलीमीटरने चुकली, तर आतल्या खाचेवर सु. अर्ध्या अंशाची दिशाच्युती नव्याने पडते. जेथे मुळात एक अंशाहून कमी दिशाच्युती अपेक्षित आहे, तेथे ही चूक मोठी ठरते. नुसत्या डोळ्यांनी अर्ध्या मिलीमीटरचा अंदाज बांधणे अवघड असल्याने काटेकोर साधनांची गरज पडते.

पुढे सुई आरशावर टेकवून ती व तिचे प्रतिबिंब एका सरळ रेषेत येतात का, हे समोरून पाहतात. सुई एका अंगाला कललेली असेल, तर द्विमार्गी तबकडीचे दोन संकेत एकमेकांत मिसळतात. भुजेची मागील उंची कमीजास्त करून सुईचा उभा कोन साधतात. बाकामुळे घर्षणाची ओढ सुईला आतल्या बाजूस खेचते. तिला विरोध करणारी लहानशी कमान किंवा वजन भुजेला लावलेले असते, तेही योग्य मूल्यावर ठेवतात. एक जुळणी बदलली, की दुसरी थोडी ढळते. म्हणून शेवटी सर्व मापे पुन्हा तपासावी लागतात.

वेगाची तपासणी स्वतंत्रपणे करतात. भारतातील वीजपुरवठ्याची कंप्रता सेकंदास ५० आवर्तने असल्याने तिच्यावर चालणारा दिवा सेकंदास १०० वेळा लुकलुकतो. या प्रकाशात १८० पट्ट्यांचे वर्तुळ स्थिर दिसले, तर वेग मिनिटास ३३⅓ फेऱ्या असतो. ७७ पट्ट्यांचे वर्तुळ स्थिर दिसले, तर तो सु. ७७·९ असतो. ७८ फेऱ्यांच्या वेगात एका फेरीची चूक झाली, तर गायकाचा षड्‌ज जवळजवळ एका प्रमाणश्रुतीने चढतो किंवा उतरतो. गायक कोणत्या पट्टीत गात असे, हे तबकडीवरून ठरविणाऱ्या अभ्यासकाला ही चूक दिशाभूल करणारी ठरते.

नाशिक आणि पलुसकरांच्या तबकड्या : ख्यालगायक व संगीतप्रसारक विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. आयुष्याच्या उत्तरार्धात रामभक्तीकडे वळून ते नाशिकला राहिले. तेथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापिला. त्यांचे पुत्र दत्तात्रेय (बापूराव) यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशिक येथे झाला. दहाव्या वर्षी पितृछत्र हरपल्यावर विष्णु दिगंबरांचे शिष्य विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५) व नारायणराव व्यास (१९०२–८४) यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. हे दोघेही गुरू ध्वनिमुद्रिकांमुळे घरोघरी पोहोचलेले गायक होते. १९३५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, जालंदरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात दत्तात्रेय प्रथम गायले. त्यांची पहिली तबकडी १९४४ मध्ये निघाली. ‘बैजू बावरा’ (१९५२) या चित्रपटात अमीरखाँ यांच्यासमवेत त्यांनी जुगलबंदी गायिली. १९५५ मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर ते चीनला गेले व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

पहिल्या तबकडीपासून मृत्यूपर्यंतचा काळ केवळ अकरा वर्षांचा आहे आणि तो जवळजवळ सर्व लाखेच्या तबकडीचा आहे. दीर्घवादी तबकडी भारतात रुळण्यापूर्वीच हा गायक गेला. त्यामुळे त्यांचा ख्याल व्यावसायिक तबकडीवर साडेतीन मिनिटांच्या चौकटीतच नोंदला गेला. नंतर निघालेल्या दीर्घवादी तबकड्यांत जुन्या तबकड्यांवरून व इतर मुद्रणांवरून घेतलेले गायन आहे.

साडेतीन मिनिटांत राग मांडण्याची जी रीत त्या काळातील गायकांनी घडविली, तिचा संरेखनाशी थेट संबंध पोहोचतो. आरंभी थोडी आलापी, मग बंदिशीची स्थायी व अंतरा, पुढे बोलताना आणि अखेरीस द्रुत ताना, असा हा क्रम असे. ख्यालाची बढत संथाकडून द्रुताकडे होते आणि तबकडीची खाच रुंदीकडून दाटीकडे जाते. परिणामी ज्या वेगवान, दाणेदार तानांसाठी गायकाचा गळा नावाजला जातो, त्या तबकडीच्या सर्वांत आतल्या वेढ्यांत येऊन पडतात. तेथेच खाचेचा वेग सर्वांत कमी असतो, पिन सर्वांत अधिक घासलेली असते व भुजेचा कोन बिघडला असेल, तर दोषही सर्वांत अधिक ऐकू येतो. पलुसकरांच्या गायनाचा लौकिक गोड, निर्मळ स्वरलगावासाठी व स्वच्छ तानेसाठी आहे. चुकीच्या जुळणीने वाजविलेल्या तबकडीवर तीच तान अस्पष्ट व खरखरीत ऐकू येते आणि नवा श्रोता तो दोष गायकाच्या किंवा त्या काळाच्या पदरी बांधतो.

आणखी एक अडचण तबकडीच्या आकारामुळे उद्‌भवते. दहा इंची ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर खाच सु. ४८ मिमी. त्रिज्येपर्यंत आत जाऊ शकते. बारा इंची दीर्घवादी तबकडीसाठी जुळविलेल्या वरील भुजेने ती वाजविली, तर अखेरच्या वेढ्यात दिशाच्युती चार अंशांजवळ पोहोचते. या तबकडीचा वेग अधिक असल्याने काही भरपाई होते. तरी इतर गोष्टी समान धरल्यास विकृती दीर्घवादी तबकडीच्या कमाल विकृतीच्या अडीच पटींहून अधिक होते. म्हणून जुन्या तबकड्यांसाठी वेगळी सुईच नव्हे, तर शून्यबिंदूंची वेगळी जागाही लागते. सामान्य घरगुती यंत्रांत कार्ट्रिज पक्के बसविलेले असे व ‘७८’ आणि ‘एलपी’ यांसाठी फक्त सुईची बाजू पालटता येई. त्यामुळे अशा यंत्रांवर हा भेद राखणे शक्य नव्हते.

जतन व पुनर्मुद्रण : भारतात लाखेच्या तबकड्यांचे उत्पादन १९७० च्या सुमारास थांबले. पुढे ध्वनिफीत व तिच्यामागून अंकीय तबकडी यांनी दीर्घवादी तबकडीलाही बाजूस सारले. एकविसाव्या शतकात तिचा मर्यादित प्रमाणात पुन्हा प्रसार झाला. जुन्या तबकड्यांचे जतन ही तोवर संग्राहकांची व संस्थांची जबाबदारी झाली होती. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे लोकसंगीत व संगीत-मानवशास्त्रविषयक अभिलेखागार १९८२ मध्ये पुणे येथे सुरू झाले व नंतर दिल्ली परिसरात गेले. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००४ मध्ये अंकीय जतनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मूळ तबकडीवरून संकेत घेतानाच सुईची निवड व वादनयंत्राची जुळणी अचूक असावी, या गोष्टीला त्यांत महत्त्व दिले आहे.

यामागील कारण व्यावहारिक आहे. अंकीय प्रक्रियेने तबकडीवरील टकटक व खरखर पुष्कळशी काढता येते, कारण ती गायनापासून वेगळी ओळखू येते. दिशाच्युतीमुळे आलेली विकृती मात्र गायनाच्या स्वरांतूनच जन्मते व त्यांच्यातच मिसळते. ती नंतर पूर्णपणे वेगळी करणे जवळजवळ अशक्य असते. जुन्या तबकडीच्या बाबतीत कुशल तंत्रज्ञ वेगवेगळ्या त्रिज्यांच्या सुया लावून पाहतो. पोलादी पिनेने खाचेची भिंत विशिष्ट उंचीवरच झिजवलेली असते. थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली, न झिजलेल्या भिंतीवर टेकते आणि हरवला असे वाटणारा स्वर पुन्हा ऐकू येतो. अशा वेळी भुजेचे संरेखन बिनचूक नसेल, तर सुईची ही निवड व्यर्थ जाते.

एकच तबकडी दोन यंत्रांवरून घेतली असता दोन भिन्न गायकांची वाटावी इतका फरक पडू शकतो. म्हणून संगीताच्या इतिहासलेखनात ध्वनिमुद्रिकेचा पुरावा म्हणून उपयोग करताना ती कोणत्या वेगाने, कोणत्या सुईने व कशा जुळणीने वाजविली, याची नोंद प्रतीबरोबर ठेवणे इष्ट समजले जाते. विल्सन यांच्या कोनमापकापासून आजच्या आरशाच्या पानापर्यंत या साधनांचे रूप बदलत गेले. त्यांचे प्रयोजन मात्र कोरणाऱ्या सुईने जी वाट आखली, तीच वाट वाचणाऱ्या सुईला मिळवून देणे, एवढेच राहिले आहे. नाशिकच्या पलुसकरांसारखे जे गायक पुन्हा गाणार नाहीत, त्यांच्या बाबतीत ही वाट अर्ध्या मिलीमीटरनेही न चुकणे अगत्याचे ठरते.